सव्वा इंच खाली

६ जाने., सोम.
(कॉलेजच्या आवारात, जेवणाची सुट्टी, गाडीतच)

मागच्या सीटवर अजून गुलाल. काल जोतिबा झाला. माझ्यासकट सहा जण, वर सासूबाईंच्या मांडीवर नारळांची पिशवी. पाच जणांची गाडी आहे असं दारातच म्हटलं, तर सासरे म्हणाले, "सरका की जरा. गाडी हायच की."

गाडी हायच की. आमच्या घरात या तीन शब्दांवर सगळं चालतं. कुणाला स्टँडवरून आणायचंय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला नुसतंच रंकाळ्यावर वारा खायला जायचंय. गाडी माझ्या पगारातून घेतलेली, सेकंडहँड, राखाडी. चालवायला येते फक्त मला. नवरा, म्हणजे वि., दहा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला तो पडलाच, परत हँडलला हात नाही लावला. नवी नवरी होते तेव्हा सगळी शिवाजी पेठ कौतुक करायची, सूनबाई गाडी चालवत्यात! कौतुक कधीच आटलं, ड्रायव्हरकी तेवढी राहिली.

आज सकाळी मात्र एकटी. घर ते गडहिंग्लजचं कॉलेज दीड तास, परत दीड तास. तेवढ्या वेळात मी कुणाची सून नाही, कुणाची वहिनी नाही, ऑफिसच्या खिडकीतली "ओ मॅडम, बोनाफाईड" पण नाही. संकेश्वरला हायवे सोडला की दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे मी.

फक्त वळणावर गाडी फार झुकते. आज जास्तच जाणवलं.

९ जाने., गुरु.

फिजिक्सच्या देसाई सरांची गाडी पाहिली. म्हणजे रोजच पाहते, आज खाली वाकून पाहिली. सर पन्नाशीचे, टक्कल, चष्मा गळ्यात दोरीला, आणि गाडी अशी जमिनीलगत बसलेली. चाक आणि वरची पत्र्याची कमान यांत दोन बोटं जेमतेम. किल्ली दिली त्यांनी. कॉलेजमागच्या रस्त्यावर एक फेरी मारली.

वळण घेतलं आणि गाडी वळली. एवढंच. माझ्या गाडीत आधी मी वळते, मग गाडी विचार करते, मग मागच्या सीटवरची पिशवी आडवी होते. ही न झुकता गेली.

उतरल्यावर सर म्हणाले, "एक तोटा आहे. चार माणसं बसली की खाली घासते. त्यामुळं आमच्या घरचं कुणी बसतच नाही."

तोटा म्हणे.

१२ जाने., रवि.
(मंगळवार पेठ, आत्यांच्या बहिणीच्या दारात, गाडीत)

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आत गेल्यात. "पाच मिन्टात येतो." पन्नास मिनिटं झाली. त्याआधी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, तालमीत सोडलं, वि.च्या मावसभावाला स्टँडवर. आता इथून दोघी मंडईत जाणार.

रविवार संपतो आणि मी दिवसभर कुठंच बसलेली नसते, फक्त स्टिअरिंगमागे. कोंडल्यासारखं होतं. काच खाली केली तरी होतं.

लोअर केलेल्या, म्हणजे देसाई सरांच्यासारख्या खाली बसवलेल्या गाडीची माहिती काढली फोनवर. हे इथंच लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही: वळणासाठी करायचंय हे खरं. पण गाडी खाली गेली की मागे चौघं कोंबता येणार नाहीत, हे जास्त खरं. तोंडानं "नाही" म्हणायला मला आजवर जमलेलं नाही. गाडीनं म्हणावं.

१८ जाने., शनि.

उद्यमनगरात निसारभाईंकडे. गाडी घेतली तेव्हापासून त्यांच्याकडेच. त्यांना वाटलं ब्रेकचा आवाज घेऊन आले. सांगितल्यावर पाना खाली ठेवला.

"वैनी, ही पोरांची थेरं. तुम्हाला कशाला?"

"मला पाहिजे."

"बरं."

निसारभाईंचं हे बरं आहे, एकदाच विचारतात. मग स्टुलावर बसवून चहा मागवला आणि सगळं समजावलं. सगळ्यात स्वस्त म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापायची. "कापून देणारं लई हायत हितं. मी देणार न्हाय. खड्ड्यात चाक लोंबलं की कापलेली स्प्रिंग जागा सोडती. रोज हायवेला जाणारं माणूस तुम्ही." सगळ्यात महाग म्हणजे कॉइलओव्हर, पाना फिरवून उंची हवी तशी वर-खाली. किंमत ऐकून मी चहा संपवला. मधला रस्ता: तयार मिळणाऱ्या आखूड, जरा कडक स्प्रिंगा, शॉकअप आपलेच ठेवायचे. शॉकअप लवकर जातील, पण माझ्या आवाक्यात. त्यातही दोन प्रकार. एक सव्वा इंच खाली नेतो, एक दोन इंच. दोन इंचाचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"आधी तुमच्या रस्त्यावरचं ब्रेकर मोजून या. मग बोलू."

२२ जाने., बुध.

मोजले. ऑफिसातली लाकडी फूटपट्टी घेऊन. हायवेवर नाहीतच, संकेश्वर ते कॉलेज अकरा, त्यातला सगळ्यात उंच चार इंच. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून साडेसहा इंच. सव्वा गेला तरी सव्वापाच. आरामात.

एका गावात मोजताना म्हशीमागून एक आजोबा आले. मी रस्त्यात उकिडवी, हातात पट्टी. लांबनंच हात जोडले त्यांनी.

"म्याडम, रस्ता रुंद हुणार व्हय? आमचा गोठा जातोय का ओ?"

नाही जात म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. "बगा म्हंजे. दोन म्हशी हायत, जरा तिकडनं घ्या." शेवटी पट्टी पिशवीत टाकून मीच पळाले. गावात आता बातमी झाली असणार. हसू येत होतं कॉलेज येईपर्यंत.

२ फेब्रु., रवि.

गल्लीच्या बायका आल्या होत्या सकाळी. कोपऱ्यावरच्या शिंदेकाकूंना मोटरसायकल धडकून गेली, हात प्लॅस्टरमध्ये. गल्लीच्या तोंडाला स्पीडब्रेकर पाहिजे. अर्ज लिहायचा म्हणजे माझ्याकडेच येतात, ऑफिसात असते म्हणून. मामा तालमीतले जुने, ते म्हणाले, "चांगला कडक लिव्ह. नुसता बारका उंचवटा करून जात्यात न्हायतर."

लिहिला. "सदर ठिकाणी पुरेसा उंच व ठळक गतिरोधक बसविण्यात यावा." स्वतःवरच खूश झाले. बायकांनी सह्या केल्या, पहिली सही माझी. महापालिकेत जाऊन पडेल फायलीत.

८ फेब्रु., शनि.

वि.ला सांगितलं. भांडण नाही, वि. भांडत नाही. तोंड तेवढं पाडतो.

"लोक काय म्हणतील" झालं. "नियमात बसतं का" झालं. मग म्हणाला, "गाडी तुझीच आहे, तुला वाटेल ते कर." आणि पाच मिनिटांनी, "पण आईला दवाखान्यात न्यायला लागते, तेवढं बघ."

तेवढं बघ. माझ्या नावावरच्या प्रत्येक गोष्टीच्या खाली एक "तेवढं बघ" असतं.

१५ फेब्रु., शनि.

निसारभाई स्प्रिंगा मागवणार आज. फोन लावता लावता विचारलं, "गाडीत माणसं किती बसत्यात? कडकपणा त्याच्यावर ठरतोय."

मी म्हटलं, "एकच."

"रोज?"

"रोज मी एकटीच असते."

खोटं नाही. सोमवार ते शुक्रवार, कधी शनिवारीही. रविवार त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. आपल्याला जसं जगायचंय तसं एकदा तोंडानं बोलून बघावंसं वाटलं, बस्स. त्यांनी एका माणसाचं वजन धरून सांगितलं तिकडे.

२४ फेब्रु., सोम.

स्प्रिंगा बसल्या शनिवारी. चाकांचं अलाइनमेंट पण केलं. जुन्या स्प्रिंगा निसारभाईंनी पोत्यात बांधून दिल्या. "टाकू नगा. माळ्यावर ठेवा."

आज पहिल्यांदा कॉलेजला. काय लिहू. संकेश्वरच्या पुढचं ते मोठं वळण, जिथं रोज पाय आपोआप ब्रेकवर जायचा, तिथं गाडी रस्त्याला धरून गेली. मोठ्यानं ओरडले. एकटीच. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. खड्डे जरा पाठीत बसतात, बसू देत. देसाई सरांनी आवारातच भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "आता कळेल घरच्यांना."

२ मार्च, रवि.

कळलं घरच्यांना.

मी तयार होते. पाच जण येतील, खाली घासेल, मी म्हणेन, "बघा, बसत नाही आता." वाक्य पाठ केलेलं. आत्या पुढच्या सीटपाशी आल्या. गेली तीन वर्षं त्या गाडीत चढतात कशा? आधी दाराला धरतात, मग "आई गं", मग एक पाय, मग मी आतून ओढते. आज वाकल्या आणि बसल्या. नुसत्या बसल्या. मग माझ्याकडे बघून,

"माज्या गुडघ्यासाटनं केलीस व्हय गं?"

आत्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मागे चौघं बसली. कोपऱ्यावर खड्ड्यात घासली खालून, कर्रकन. मामा म्हणाले, "सावकाश घे की." संपलं. पाठ केलेलं वाक्य कुठल्या तोंडानं म्हणणार?

९ मार्च, रवि.

आत्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलंय. "सुनंनं माज्यासाटनं गाडी खाली घेतली. कोण करतंय आजकाल!" परिणाम: शिंदेकाकूंना हाताच्या दवाखान्यात, त्यांच्या जावेला देवीला. "तुमची गाडी बरी बाई, चढायला लागत न्हाय." आधी फक्त घरचे होते. आता गल्लीतल्या सगळ्या दुखऱ्या गुडघ्यांची गाडी झाली.

नाही म्हणावं म्हणून केलं, आणि गाडी सगळ्यांना या म्हणायला लागली. हसावं की काय करावं. स्वतःचा राग येतो. त्यांचा येत नाही, म्हणून जास्त येतो.

१७ मार्च, सोम.
(कॉलेज. आज अर्धा तास उशीर)

सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि बघत राहिले. स्पीडब्रेकर. महापालिकेनं नाही, मामांच्या तालमीनं. कुणाच्या तरी स्लॅबचं काँक्रीट उरलं होतं, शनिवारी ओतून टाकलं. काल रविवारभर त्याच्यावर ओली पोती होती, वाटलं रस्ता खणलाय, मी गाडी बाहेरच लावलेली, कळलंच नाही. रात्रीच पोती काढून गाडी आत घ्यायला लावली मामांनी, तेव्हा खालून जरा आवाज आला, मला वाटलं पोतं अडकलं असेल.

तालमीतले दोघं उभे होते, छाती पुढं. "वैनी, तुमच्या अर्जात हुतं तसा केलाय बगा. उंच आणि ठळक!" पिवळे पट्टेपण मारलेत.

पट्टी काढून मोजला. पावणेपाच इंच. एकटीनं, तिरकी घेऊन, कासवाच्या गतीनं निघाली. गल्लीचं दुसरं तोंड तालमीच्या पायऱ्यांनी बंद. म्हणजे बाहेर पडायचा रस्ता हा एकच, आणि त्याच्यावर पहिली सही माझी.

३० मार्च, रवि., पाडवा

आता रीत अशी: सगळे गाडीत बसतात. वीस पावलांवर ब्रेकर. सगळे उतरतात. मी तिरकी करून एकटी पलीकडे जाते. सगळे चालत ब्रेकर ओलांडतात. परत बसतात. येताना उलट. गल्ली गॅलरीत उभी राहून बघते. आज नव्या कपड्यांत, गुढ्यांखालून, हा सोहळा दोनदा झाला. कोण तरी वरून ओरडलं, "वैनी, पावण्यास्नी घालवाय आलाय काय वेशीपातूर?"

मामा चिडले. "हे काय खूळ. गाडी हाय का काय हाय?"

आत्या वि.चा हात धरून ब्रेकरवर चढल्या, मधे थांबल्या, उतरल्या. कुरकुर नाही. उलट मलाच म्हणाल्या, "चाललं की गुडघं मोकळं हुत्यात." आरशात दिसत होतं, ओठ दाबून धरले होते त्यांनी. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले. उतरून हात द्यावा एवढंही सुचलं नाही.

मला हेच हवं होतं ना? गाडीत एकटी मी, बाकी सगळे बाहेर. झालं की. गल्लीच्या तोंडाशी, रोज, अर्ध्या मिनिटापुरतं.

१ एप्रिल, मंगळ.

मी ऑफिसला निघताना मामांनी कोरा कागद पुढ्यात ठेवला. "अर्ज लिव्ह. ब्रेकर उतरवा म्हणावं. तालमीत मीच दीन, पर अक्षर तुजं चांगलं हाय."

शिंदेकाकूंचा हात अजून गळ्यात. त्या ब्रेकरमुळं गल्लीत आता मोटरसायकली खरंच हळू येतात. कागद दुमडून डायरीत ठेवला. तारीख घातली, "प्रति" लिहिलं. पुढं काही नाही.

३ एप्रिल, गुरु.

निसारभाईंचा फोन. बातमी उद्यमनगरपर्यंत गेली. हसले नाहीत, ते एक बरं.

"जुन्या स्प्रिंगा चढवतो. पाच माणसं घिऊन कशीबशी निघंल. न्हायतर हाय तेच ठेवून मागं जास्त कडक टाकू, पर मग एकट्याला पाठीत बसंल. काय बी करतो. पर वैनी, ह्या बारीला खरं सांगा. माणसं किती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घाई न्हाय. सोमवारी सांगा. दुकान उघडतो तवा."

जुन्या चढवल्या तर आत्यांना परत "आई गं" करत ओढायचं. आणि वळणं गेली. नाही चढवल्या तर पाडव्याचा सोहळा. अर्ज लिहिला तर ब्रेकर गेला, आणि सगळ्या गल्लीची ड्रायव्हर मी, कायमची. कुठूनही निघाले तरी त्याच गल्लीत येते.

५ एप्रिल, शनि.
(दवाखान्याबाहेर. आत्यांचा एक्स-रे चाललाय)

आज दोघीच. मामा तालमीत, वि.ला बँकेचं काम. ब्रेकरपाशी थांबवली आणि आत्या उतरतील म्हणून वाट बघितली. त्या उतरेनात. पदर नीट केला, समोर बघत म्हणाल्या, "चालव की."

घेतली तिरकी. मधे एकदा हलकंसं टेकलं आणि निघाली.

रंकाळ्यापाशी त्यांनी काच खाली केली. मग,

"माज्या गुडघ्यासाटनं न्हवतं त्ये. ठावं हाय मला."

मी गाडी बाजूला घेतली.

"मग गल्लीत का सांगितलंत तसं?"

"सांगायला नगो? बाईमाणसानं हौसंसाटनं केलं म्हटल्यावर सोडली असती का तुला? सासूसाटनं केलं म्हटल्यावर गप बसली समदी."

रडू आलं. त्यांनी नाही पाहिलं, किंवा पाहिलं नाही असं केलं. मामांनी तरुणपणी त्यांना सायकल शिकू दिली नव्हती, ते आज पहिल्यांदा कळलं. माहेरी गडहिंग्लजकडच्या खेड्यात, भावाच्या सायकलवर एकदाच बसल्या होत्या, उतारावरून, हात सोडून. सांगताना हसत होत्या.

गाडी पुन्हा चालू केल्यावर काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "तू रोज जातीस त्यो रस्ता दाव की एकदा मला. सोमवारी येऊ तुज्यासंगं? कॉलेजात झाडाखाली बसतो दिसभर. गाडीत बोलणार न्हाय, गप बसतो."

इतकी वर्षं सगळ्यांनी गाडी मागितली, विचारलं कुणीच नाही. यांनी विचारलं. आणि मागितले ते माझे तीन तास. तेवढेच माझे आहेत. आज पहिल्यांदा "नाही" म्हणायची मोकळीक मिळाली, आणि समोर ह्या.

"बघू," म्हटलं मी.

त्यांनी मान हलवली. "बघ."

सोमवार परवा. निसारभाईंनाही परवाच सांगायचंय, किती माणसं.

आत्या बाहेर आल्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, डोळे गाडी शोधतायत. दार उघडते.